ताबू एकाचा, ताबा दुसऱ्याचा: अल-फूलाचे प्रकरण

इस्रायलमध्ये आज घर किंवा प्लॉट घ्यायचा म्हटला, की वकील आधी 'ताबू' काढून आणायला सांगतो. ताबू म्हणजे जमीन-नोंदणीचा उतारा. आपला सातबारा आणि इंडेक्स टू यांच्या मधली चीज समजा. ज्यू असो वा अरब, दोघांच्याही तोंडी हाच शब्द असतो, आणि तो मूळचा ना हिब्रू, ना अरबी. तो तुर्की आहे: 'तापू'. उस्मानी साम्राज्य जाऊन शंभर वर्षे झाली, तरी त्याचे दप्तर तिथे अजून चालू आहे. आपल्या 'ताबा' या शब्दाशी त्याचे काही नाते नाही. पण दिवाणी कोर्टात जमिनीची कामे करण्यात ज्याची उमेद गेली, त्याच्या कानाला ही जोडी लगेच लागते. माझ्यासमोर आलेली निम्मी भांडणे एकाच वाक्यात सांगता येतील: कागद एकाचा, वहिवाट दुसऱ्याची.

पॅलेस्टाइनचा विषय आपल्याकडे निघाला की गाडी सरळ धर्मावर जाते. दोन हजार वर्षांचे वैर, पवित्र भूमी वगैरे. ते सगळे आहेच. पण हे भांडण पेटले कसे हे बघायचे असेल, तर मी १९१० सालचा एक जमीनव्यवहार उघडून बघायला सांगेन. गावाचे नाव अल-फूला.

फूल म्हणजे अरबीत वाल-पावट्याच्या जातीचे एक कडधान्य, आणि फूला म्हणजे त्याचा दाणा. क्रुसेडवाल्या फ्रेंचांनीही इथल्या आपल्या किल्ल्याला त्याच अर्थाचे नाव दिले होते, ला फेव्ह. ११८७ मध्ये हत्तीनच्या लढाईत क्रुसेडवाले हरले आणि तो सुलतान सलाहुद्दीनच्या फौजेकडे गेला. हे लक्षात असू द्या, पुढे हा किल्ला कामाला येणार आहे. गाव नाझरेथच्या दक्षिणेला, मर्ज इब्न आमिर नावाच्या लांबरुंद खोऱ्यात. ज्यू त्याला यिझ्रएलचे खोरे म्हणतात. काळी, ओल धरणारी जमीन आहे, आपल्याकडच्या गव्हाच्या काळीसारखी. पाणी साचून काही भागात दलदल आणि हिवताप होता हे खरे. पण 'सगळे खोरे ओसाड होते, ते आम्ही फुलवले' असे जे सांगितले जाते ते जरा तपासून घ्यावे. लॉरेन्स ऑलिफंट नावाचा इंग्रज १८८३ मध्ये इथून गेला. तो स्वतः ज्यूंच्या वसाहतीचा खंदा पुरस्कर्ता, म्हणजे अरबांच्या बाजूने खोटे बोलण्याचे त्याला काही कारण नव्हते. त्याने या खोऱ्याला डोलणाऱ्या गव्हाचे हिरवे तळे म्हटले आणि टेकाडांवरची गावे त्यातल्या बेटांसारखी दिसतात असे लिहिले.

आता हा गहू पिकवणाऱ्याचे नाव कागदावर का नव्हते, ते बघू. प्रकरणाची मेख तिथेच आहे.

१८५८ मध्ये उस्मानी सरकारने नवा जमीन कायदा आणला. साम्राज्य कर्जात होते, महसूल हवा होता, आणि युरोपसारखी नीटनेटकी नोंद हवी होती. कायद्याने जमिनीचे पाच प्रकार पाडले. मुल्क म्हणजे पूर्ण खासगी. मिरी म्हणजे मूळ मालकी सरकारची, कसण्याचा हक्क माणसाचा. वक्फ म्हणजे धर्मादाय. मतरूका म्हणजे रस्ते आणि गायरान. मवात म्हणजे पडीक. शेतजमीन बहुतेक मिरी. ती ज्याच्या कसण्यात असेल त्याने ती तापूत आपल्या नावावर लावून घ्यावी अशी अपेक्षा होती. कागदावर पाहिले तर कायदा कसणाऱ्याच्या बाजूचाच.

पण नाव लागले की कर लागणार, आणि त्याहून वाईट म्हणजे सैन्यभरतीवाल्याला घरातल्या जवान मुलाचा पत्ता मिळणार. शिवाय नोंदणीची फी. त्यातून अनेक गावांत 'मुशा' पद्धत होती. म्हणजे गावाची जमीन सामाईक, घराघराचा हिस्सा ठरलेला, पण कोणते शेत कोणाकडे ते दर एक-दोन वर्षांनी चिठ्ठ्या टाकून बदलायचे. चांगली-वाईट जमीन आळीपाळीने सगळ्यांच्या वाट्याला यावी म्हणून. अशा जमिनीचा गट क्रमांक आणि चतुःसीमा लिहायच्या कशा? मग कुठे गावच्या शेखाच्या नावावर नोंद झाली, कुठे शहरातल्या सावकाराच्या. जिथे कोणीच पुढे आले नाही किंवा कराची बाकी थकली, तिथे सरकारने जमीन आपली म्हटली आणि विकून टाकली. १८६७ मध्ये परदेशी माणसालाही जमीन धारण करण्याची मुभा मिळाली. या धामधुमीत, १८७०च्या आसपास, मर्ज इब्न आमिरमधली गावेच्या गावे बैरूतच्या काही धनाढ्य घराण्यांनी सरकारकडून घेतली. त्यांतले सगळ्यात मोठे सुरसुक. व्यापार आणि सावकारी करणारे ख्रिस्ती कुटुंब. राहायला बैरूतला, उठबस युरोपातल्या बड्यांमध्ये.

फल्लाहांच्या, म्हणजे शेतकऱ्यांच्या, रोजच्या जगण्यात याने लगेच काही फरक पडला नाही. तोच नांगर आणि तेच खळे. फक्त पिकाचा वाटा आता बैरूतच्या माणसाच्या कारभाऱ्याकडे जाऊ लागला. कोकणात खोताकडे जायचा तसा. आपण ज्या जमिनीवर आहोत ती विकली जाऊ शकते, आणि विकली गेल्यावर आपल्याला उठावे लागेल, हे त्यांच्या हिशेबातच नव्हते. मालक बदलले तरी कुळे तिथेच राहतात, हा तिथला पिढ्यान्पिढ्यांचा रिवाज होता.

१९१० मध्ये इलियास सुरसुकने अल-फूलाची साधारण साडेनऊ हजार दुनम जमीन विकली. तेव्हाचा दुनम म्हणजे ९०० चौरस मीटरांहून थोडा जास्त, तेव्हा आपल्या हिशेबाने दोन हजार एकरांच्या वर. घेणारा ज्यू राष्ट्रीय निधी. व्यवहार जुळवणारा यहोशुआ हांकिन, जो या खोऱ्यावर १८९०च्या दशकापासून डोळा ठेवून होता. ज्यू राष्ट्रीय निधी झायोनिस्ट चळवळीच्या, म्हणजे पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंचे राष्ट्रीय घर उभारू पाहणाऱ्या चळवळीच्या, १९०१च्या बाझेल अधिवेशनात स्थापन झाला होता आणि त्याचा नियम साधा होता: घेतलेली जमीन पुन्हा विकायची नाही, ती कायम ज्यू समाजाची, कसायला द्यायची ती भाडेपट्ट्याने.

इथे एक तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. या खरेद्यांची यंत्रणा उभी केली ती त्याच चळवळीच्या जाफातल्या पॅलेस्टाइन कचेरीच्या आर्थर रुपिनने, १९०८ पासून. रुपिन जन्मला प्रशियाच्या पोझेन प्रांतात. तिथे जर्मन सरकार १८८६ पासून एक वसाहत आयोग चालवत होते. पोलिश जमीनदारांच्या इस्टेटी विकत घ्यायच्या, त्यांचे तुकडे पाडायचे, त्यांवर जर्मन शेतकरी बसवायचे, म्हणजे प्रांताचा तोंडवळा बदलतो. रुपिनने हा नमुना डोळ्यांसमोर ठेवल्याचे लपवले नाही. त्या काळी वसाहत हा शब्द लपवण्यासारखा नव्हताच, उलट मिरवायचा शब्द होता. आता येणारी माणसे मात्र प्रशियाच्या राजाची प्रजा नव्हती. किशिनेव्हच्या १९०३च्या आणि त्यानंतरच्या ज्यूंच्या कत्तलींतून जीव घेऊन निघालेली, रशियन साम्राज्यातली गरीब, तरुण पोरे. म्हणजे पद्धत वसाहतवाल्याची आणि माणसे निर्वासित. ज्याला या प्रकरणात एक सरळसोट खलनायक हवा असेल, त्याची इथे अडचण होते.

खरेदीखत झाले, पण मोकळा कब्जा मिळणे बाकी होते. आणि तिथे आडवा आला नाझरेथचा काइमकाम, आपल्याकडचा प्रांत अधिकारी म्हणा: शुक्री अल-असली.

अल-असली दमास्कसच्या बड्या घराण्यातला. त्याने दस्त नव्या मालकाच्या हवाली करायला नकार दिला. बैरूतच्या वलीचा, म्हणजे प्रांताच्या सुभेदाराचा, हुकूम आला तरी ढिम्म. तेव्हा घेणाऱ्यांनी 'हाशोमेर' या आपल्या पहारेकरी संघटनेची तीसेक हत्यारबंद माणसे जमिनीवर पाठवली. अल-असलीने शिपाई पाठवून त्यांना हुसकावले. हे दृश्य मला ओळखीचे आहे. आपल्याकडेही बिल्डरचे बाउन्सर आधी येतात आणि मोजणीची नोटीस नंतर. फरक इतकाच की प्रांतसाहेब कुळांच्या बाजूने पोलीस पाठवतात असे मला फारसे पाहायला मिळाले नाही.

कचेरीतून लढाई हरतो आहोत हे दिसल्यावर अल-असली वर्तमानपत्रांकडे वळला. हैफात नजीब नस्सारचे 'अल-करमिल', दमास्कसमध्ये मुहम्मद कुर्द अलीचे 'अल-मुक्तबस'. त्याने टोपणनाव घेतले सलाहुद्दीन अल-अय्यूबी. का, तर विकलेल्या जमिनीत तो जुना किल्ला होता. ज्या किल्ल्यासाठी सलाहुद्दीन लढला तो बैरूतचा एक सावकार परक्यांना देतो आहे, असा सूर. शिवाय हैफाहून जाणारा हेजाझ रेल्वेचा फाटा याच खोऱ्यातून गेला होता, त्यामुळे मोक्याच्या जागेचा मुद्दाही होता. हे लोक इथल्यांत मिसळत नाहीत, त्यांच्या शाळा वेगळ्या, झेंडा वेगळा, टपालाची तिकिटेसुद्धा वेगळी, असे तो लिहीत गेला. एका गावातल्या कुळांचा प्रश्न बैरूतपासून दमास्कसपर्यंत छापून आला आणि 'हा आपल्या सगळ्यांच्या मुलखाचा प्रश्न आहे' अशी भाषा सुरू झाली. पुढे ज्याला पॅलेस्टिनी राष्ट्रवाद म्हटले गेले त्याचे एक मूळ या महसुली वादात आहे, असे माझे मत.

अल-असलीला साधू मात्र समजू नये. तो स्वतः जमीनदार वर्गातला, आणि या गाजावाजाचा त्याला चांगलाच फायदा झाला. १९११ मध्ये तो दमास्कसहून उस्मानी संसदेत निवडून गेला. तिथे जेरुसलेमच्या रूही अल-खालिदीबरोबर त्याने हा विषय काढला. साम्राज्याला तेव्हा याहून मोठी दुखणी होती, बहुतेकांनी मनावर घेतले नाही. ६ मे १९१६ रोजी उस्मानी सेनापती जमाल पाशाने अरब पुढाऱ्यांना दमास्कस आणि बैरूतमध्ये फाशी दिले, त्यांत हाही होता. त्या फाशीचा अल-फूलाशी संबंध नव्हता.

गावाचे काय झाले? वलीचेच चालले. कुळे उठली. १९११च्या सुरुवातीला तिथे 'मेरहाविया' ही वस्ती बसली. नाव स्तोत्रातले, अर्थ देवाने दिलेली मोकळी जागा. फ्रांझ ओपेनहायमर या जर्मन अर्थशास्त्रज्ञाच्या योजनेप्रमाणे सहकारी शेतीचा प्रयोग. पुढे दहा वर्षांनी याच ठिकाणच्या किबुत्झमध्ये अमेरिकेहून एक जोडपे राहायला आले, त्यातली बाई म्हणजे पुढे इस्रायलची पंतप्रधान झालेली गोल्डा मेयर. मे १९११ मध्ये पहारेकऱ्याशी झटापट होऊन एक अरब मारला गेला. मग आजूबाजूच्या गावांनी वस्तीवर चाल केली आणि वस्तीतल्या काहींना तुरुंगात जावे लागले. मोकळी जागा तिच्या पहिल्याच वर्षी पहाऱ्याखाली आली.

आतापर्यंत या लेखात कितीतरी नावे आली. नांगर धरणाऱ्याचे एकही नाही. कुळाचे नाव सातबाऱ्याच्या इतर हक्कात तरी असावे लागते, तरच ते कुठेतरी सापडते.

सप्टेंबर १९१८ मध्ये ब्रिटिशांच्या सैन्याने अल-फूलाजवळचे अफुलाचे रेल्वे स्थानक घेतले. त्या चढाईत भारतीय घोडदळ होते. पुढे राष्ट्रसंघाच्या सनदेखाली (मँडेट) ब्रिटिश राज्य आले आणि सुरसुकांच्या उरलेल्या विक्रीला वेग आला. १९२१ ते १९२५ या काळात खोऱ्यातली दोन लाख दुनमांहून जास्त जमीन गेली. ब्रिटिशांनी १९२०-२१ मध्येच नियम केला होता की विक्रीनंतर कुळाकडे पोटापुरती जमीन राहिली पाहिजे. मग पळवाट निघाली. कुळाला आधीच रोख रक्कम हातावर टेकवायची, उठवायचे, आणि जमीन 'कुळमुक्त' दाखवून दस्त करायचा. कर्जात बुडालेल्या माणसाला रोख रक्कम कशी दिसते ते सांगायला नको. आणि १९२९ मध्ये तर कायद्यानेच जमिनीऐवजी पैसे चालतील असे केले.

१९२९च्या ज्यू-अरब दंगलीनंतर ब्रिटिशांचा शॉ चौकशी आयोग बसला. त्याच्यापुढे नाझरेथच्या माजी नगराध्यक्षाने यादी दिली: खोऱ्यातली २२ गावे, १,७४६ कुटुंबे, ८,७३० माणसे उठली. ज्यू संस्थांचा आकडा याच्या निम्म्याहूनही कमी होता, आणि त्यांचे म्हणणे असे की सगळ्यांना भरपाई दिली, बऱ्याच जणांनी दुसरीकडे शेती धरली. दोन्ही बाजूंनी कागद होते. मला विचाराल तर आकड्यापेक्षा मोठी गोष्ट वेगळी होती, आणि ती पुढच्या चौकशीत अचूक पकडली गेली.

ती चौकशी १९३० मध्ये सर जॉन होप सिम्पसन यांनी केली. हे गृहस्थ आपल्याकडचे, म्हणजे इंडियन सिव्हिल सर्व्हिसचे, संयुक्त प्रांतात काम केलेले. कुळ, मालक आणि सावकार हा त्रिकोण त्यांना नवा नव्हता. त्यांनी ज्यू राष्ट्रीय निधीच्या भाडेपट्ट्याची कलमे वाचली. जमीन कधी विकायची नाही, आणि तिच्यावर मजूरसुद्धा ज्यूच लावायचा. निष्कर्ष असा काढला की ही जमीन एकदा गेली की अरबाला तिच्यापासून पुन्हा कधीच काही मिळणार नाही, मालक म्हणून नाही, कुळ म्हणून नाही, गडी म्हणूनही नाही. गावोगावच्या अरब कुटुंबांपैकी २९.४ टक्के भूमिहीन आहेत असेही त्यांनी नोंदवले. सुरसुकांनी शेतकऱ्याला लुटले असेल, पण त्यांना त्याची गरज होती, त्याच्या घामावरच त्यांचे उत्पन्न होते. या नव्या मालकाला तो शेतावर नकोच होता. उच्च तत्त्व म्हणून नको होता, कारण ज्यू माणसाने स्वतःच्या हाताने कष्ट करावेत हे त्या चळवळीचे ध्येय होते. ते ध्येय प्रामाणिक होते. बांधापलीकडे उभ्या माणसाला त्या प्रामाणिकपणाचा काय उपयोग?

अहवालावरून ऑक्टोबर १९३० मध्ये ब्रिटनने ज्यूंचे येणे आणि त्यांची जमीनखरेदी यांबाबतचे धोरण कडक केले आणि फेब्रुवारी १९३१ मध्ये, दडपण आल्यावर, पंतप्रधान मॅकडोनाल्ड यांच्या एका पत्राने ते पातळ केले. मग भूमिहीन अरबांची नोंदणी करायला लुईस फ्रेंच आले. हेही इंडियन सिव्हिल सर्व्हिसचे, पंजाबातले. पण 'भूमिहीन' कोण, याची व्याख्याच अशी आवळून केली होती की जो थेट ज्यू खरेदीमुळे उठला आणि ज्याला दुसरी जमीन वा धड काम मिळाले नाही तोच बसेल. अर्ज आले ३,२७१. मान्य झाले ६६४. पात्र-अपात्रतेच्या याद्या ज्याने धरणग्रस्तांच्या बैठकीत ऐकल्या आहेत, त्याला यात नवल वाटणार नाही.

आपल्याकडे त्याच ब्रिटिशांच्या राज्यात खोताविरुद्ध चळवळ उभी राहिली, १९३७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले, १९४८ला कुळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ला कसणारा मालक मानला गेला. त्याच्या अंमलबजावणीत जी काय गडबड झाली ती झाली. पण निदान प्रश्न मालक आणि कुळ यांच्यातला राहिला. मर्ज इब्न आमिरमध्ये तो या टप्प्यावर कधी आलाच नाही. 'कसेल त्याची जमीन' म्हणायची वेळ येण्याआधीच कसणारा तिथून गेला होता, हैफाच्या पत्र्याच्या वस्तीत किंवा खाणीत मजुरीला.

याचा अर्थ सगळी जमीन अशी विकूनच गेली, असा कोणी काढू नये. 'अरबांनी स्वतःच विकली' हे वाक्य आपल्याकडच्या चर्चेत फार ऐकू येते. १९४८ पर्यंत ज्यूंकडे खरेदीने आलेली जमीन पॅलेस्टाइनच्या एकूण क्षेत्राच्या सहा-सात टक्के होती. बाकीचा मोठा भाग त्या वर्षीच्या युद्धात गेला. शेजारची झिरीन, नूरिस ही गावे तेव्हा रिकामी झाली, आणि १९५०च्या 'गैरहजरांच्या मालमत्तेच्या' कायद्याने पळालेल्यांची जमीन सरकारजमा झाली. यातले काही लोक देशातच, चार मैलांवरच्या गावात हजर होते, तरी कागदावर गैरहजर. आणि वेस्ट बँकेत आजही एखादी टेकडी 'सरकारी जमीन' म्हणून जाहीर होते ती १८५८च्या त्याच कायद्याच्या, त्याच मिरी आणि मवात या शब्दांच्या आधारे.

अल-फूलाशेजारी १९२५ मध्ये अफुला शहराची मुहूर्तमेढ झाली. नाव जुन्या गावाचेच. सभोवती आजही अरब गावे आहेत, नाझरेथ जवळ आहे, आणि तिथली माणसे इस्रायलचीच नागरिक आहेत. २०१५-१६ मध्ये शहरातल्या काही प्लॉटांच्या लिलावात बोली अरबांनी जिंकल्या तेव्हा रस्त्यावर निदर्शने झाली. बोलीदारांनी आपसात संगनमत केले, या कारणाने पुढे कोर्टाने लिलाव रद्द केला. मग २०१९च्या उन्हाळ्यात नगरपालिकेने आपली मोठी बाग फक्त शहरातल्या रहिवाशांसाठी खुली ठेवली. आजूबाजूच्या गावातली अरब कुटुंबे मुले घेऊन फाटकाशी आली की परत जायची. जुलैमध्ये प्रकरण नाझरेथच्या जिल्हा कोर्टात गेले. कोर्टाने फाटक सगळ्यांसाठी उघडायला सांगितले.